गुडघाभर पाण्यातला रेडफिश: टेक्सासच्या उथळ खाड्यांत हलक्या गळाने आणि फ्लायने मासे पकडण्याची रीत

कोकणातल्या खाडीवर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला मासा सहसा दिसत नाही. पाणी गढूळ असते, तळाशी गाळ असतो, आणि खाली काय चालले आहे ते बोटावर धरलेल्या तंगुसातूनच ओळखावे लागते. टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाड्यांत पाणी एवढे उथळ आणि पुष्कळदा एवढे नितळ असते की तिथे मासा आधी डोळ्यांनी शोधायचा, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहायचे आणि मगच आमिष त्याच्या वाटेवर नेऊन ठेवायचे, अशी रीत पडली आहे. ह्यूस्टन, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोकडची मराठी कुटुंबे सुट्टीत या किनाऱ्यावर येतात, लाटांत भिजतात आणि परत जातात; किनाऱ्यालगतच्या बेटाच्या मागच्या अंगाला, जेमतेम दहा मिनिटांच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात दोन फूट लांबीचे मासे चरत असतात याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पना नसते. ज्यांना मासेमारीची आवड आहे, पण अशा पाण्यात जे कधी उतरलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. नव्या माणसाने पहिल्या दोन-तीन खेपांना गळ फेकण्यापेक्षा पाणी पाहण्यात अधिक वेळ घालवावा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्या मताला धरूनच आहेत.

पाण्याची ओळख

लगूना माद्रे ही कॉर्पस क्रिस्टीपासून मेक्सिकोच्या सीमेजवळच्या पोर्ट इसाबेलपर्यंत सुमारे १३० मैल पसरलेली चिंचोळी खाडी आहे. तिच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या मध्ये पाद्रे बेट आहे, आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या अशा वाळूच्या बेटांत ते जगात सर्वांत लांब मानले जाते. खाडीची सरासरी खोली चार फुटांच्या आसपास आहे. तिला नद्यांचे पाणी फारसे मिळत नाही, ऊन आणि वारा मात्र भरपूर, त्यामुळे पावसाने येते त्यापेक्षा अधिक पाणी वाफेने उडून जाते आणि खाडी समुद्राहून खारट होते. उत्तरेला पोर्ट अरान्सस, अरान्सस पास आणि रॉकपोर्ट या गावांभोवती रेडफिश बे आणि अरान्सस बे या खाड्या आहेत. तिथल्या लाइटहाउस लेक्स नावाच्या भागात, १८५७ साली बांधलेल्या दीपगृहाच्या आसपास, काळ्या मॅन्ग्रोव्हची लहान लहान बेटे आणि त्यांमधून वळणाऱ्या पाणवाटा आहेत. हे झुडूप आपल्या तिवराच्याच प्रजातीतले असून चिखलातून वर आलेली त्याची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे पाहिली की कोकणातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. पायी उतरायचे असेल तर पाद्रे बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानातले बर्ड आयलंड बेसिन आणि कायाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, भाड्याने घ्यायची असेल तर लाइटहाउस लेक्स, अशा दोन जागा मी नवख्यांना सुचवतो. पहिल्या ठिकाणी पायाखाली बरीचशी वाळू लागते, दुसऱ्या ठिकाणी काही कोपऱ्यांत बूट अडकवणारा चिखल आहे.

भरती-ओहोटीचे आपल्याकडचे गणित मात्र इथे विसरावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब मुंबई-रत्नागिरीला घड्याळाच्या जवळपास जातो, कारण तिथे दिवसातून दोन भरत्या ठरलेल्या असतात आणि पाणी कित्येक फूट चढते-उतरते. टेक्सासच्या किनाऱ्यावर अनेक दिवशी चोवीस तासांत एकच भरती येते, समुद्राच्या बाजूलासुद्धा फरक एक-दोन फुटांचा असतो, आणि लगूना माद्रेच्या आतल्या भागात तो काही इंचांवर येतो. तिथे पाणी हलवतो तो मुख्यतः वारा. दोन दिवस आग्नेयेकडून जोराचा वारा वाहिला की एका काठाचे पाणी दुसऱ्या काठाला जाऊन साचते, आणि काल जिथे मांडीभर पाणी होते तिथे आज घोट्याएवढे उरते. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पातळी एकंदरीतच वर असते आणि जानेवारी-फेब्रुवारीत ती खाली जाते. म्हणून निघण्यापूर्वी भरतीच्या कोष्टकाबरोबरच गेल्या दोन दिवसांचा वारा पाहावा. माझ्या अनुभवात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तळाशी समुद्रगवताची कुरणे आहेत. कोळंबी, खेकड्यांची पिल्ले आणि छोटे मासे या गवतात राहतात, आणि मोठे मासे त्यांच्यासाठी येतात. सलग हिरव्या-तपकिरी गवतात मध्येच वाळूचे फिकट खळगे दिसतात, काही परातीएवढे, काही अंगणाएवढे. भक्ष्य गवतातून उघड्यावर आले की टिपायचे म्हणून मासे या खळग्यांच्या कडेला थांबतात. जिथे सगळीकडे सारखेच गवत किंवा सारखीच वाळू आहे अशा जागी मी वेळ घालवत नाही. मोटारबोटीच्या पंख्याने गवत मुळासकट उपटणे २००६ सालापासून रेडफिश बेच्या राखीव क्षेत्रात आणि २०१३ सालापासून संपूर्ण टेक्सासच्या किनाऱ्यावर गुन्हा आहे. बोट चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पायी जाणाऱ्याला आणि कायाकवाल्याला त्याची चिंता नाही.

कोणते मासे

इथला मुख्य मासा रेडफिश. त्याच्या पाठीला घासलेल्या तांब्याच्या घंगाळाचा रंग असतो, पोट पांढरे असते आणि शेपटीच्या बुडाशी एक, कधी दोन-तीन, काळे ठिपके असतात. तोंड खालच्या बाजूला असल्याने तो तळ हुंगत चरतो, आणि पाणी फुटभरच असेल तर चरताना त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. ठिपकेदार सी ट्राउट आणि ब्लॅक ड्रम हे इथले दुसरे दोन नेहमीचे मासे. सी ट्राउटचे नाव फसवे आहे, कारण डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउटशी त्याचा संबंध नाही. हे तिन्ही मासे आपल्या घोळ आणि ढोमा यांच्या कुळातले आहेत. ज्या बोतासाठी घोळ माशाला आपल्याकडे सोन्याचा भाव येतो, त्याच पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी थाप मारून हे मासे ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. हातात धरलेला रेडफिश घुमू लागला तर दचकू नये. लेप्यासारखा चपटा फ्लाउंडर वाळूत दबून बसतो आणि कधीमधी गळाला लागतो. उड्या मारणारे जे मासे दिवसभर दिसत राहतात ती बहुतेक आपलीच बोय असते, अगदी त्याच जातीची, आणि पिसांच्या फ्लायकडे किंवा चमचा म्हणतात त्या धातूच्या चकाकत्या आमिषाकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

रेडफिश पहिली तीन-चार वर्षे खाडीत काढतो आणि वयात आला की आखातात जातो. तिथे तो तीस-चाळीस वर्षेही जगू शकतो. टेक्सासचा नियम या जीवनक्रमाला धरून आहे. २० ते २८ इंच लांबीचे तीन मासे दिवसाला ठेवता येतात, त्याहून लहान सोडायचे, आणि २८ इंचांवरचा मासा परवान्याबरोबर मिळणाऱ्या टॅगशिवाय ठेवता येत नाही, कारण पुढची पिढी त्याच्याकडून यायची असते. नियम एवढा कडक होण्यामागे इतिहास आहे. १९७० च्या दशकात जाळ्यांनी हा मासा इतका उपसला गेला की १९७७ साली ह्यूस्टनमध्ये गळकऱ्यांनी स्वतःची संघटना उभी केली. १९८१ साली टेक्सासने खाडीतल्या रेडफिश आणि सी ट्राउटची विक्री बंद केली, त्यानंतर कॉर्पस क्रिस्टीला रेडफिशची पिल्ले वाढवून खाड्यांत सोडण्याचे केंद्र सुरू झाले, आणि १९८८ साली जाळी पाण्यात लावून ठेवण्यावरही बंदी आली. अलीकडचा घाव निसर्गाचा होता. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत उथळ पाणी इतक्या झपाट्याने गार झाले की खोल पाण्यात पोहोचण्याआधीच किमान ३८ लाख मासे मेले, असा राज्याच्या वन्यजीव खात्याचा अंदाज होता. सी ट्राउटचे नियम त्यानंतर बदलत गेले आहेत, म्हणून त्याच्या लांबीची आणि संख्येची मर्यादा दर वर्षी खात्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी.

परवाना

सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची नोंद लागते. वर्षाचा परवाना कधीही काढला तरी सामान्यतः ३१ ऑगस्टला संपतो, म्हणून जुलैत आलेल्या पाहुण्यासाठी एका दिवसाचा परवाना काढणे शहाणपणाचे असते. भारतातून आलेल्या आई-वडिलांना वयामुळे सूट असेल असे अनेकांना वाटते. वयाची पूर्ण माफी १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांनाच आहे. आई-वडिलांना नुसता गळ धरून बसायचे असेल तर राज्याच्या उद्यानांत काठावरून किंवा धक्क्यावरून मासे पकडायला परवाना लागत नाही, आणि रॉकपोर्टजवळचे गूज आयलंड हे उद्यान त्यासाठी चांगले आहे.

सामान

हलक्या सामानाने सुरुवात करणाऱ्याने सात फुटांचा, मध्यमाहून थोडा हलका स्पिनिंग रॉड आणि २५०० किंवा ३००० आकाराचे रीळ घ्यावे. रिळावर दहा पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, विणलेली दोरी भरावी आणि तिच्या टोकाला वीस पौंडी फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात कमी दिसणाऱ्या तंगुसाचा, दोन-तीन फुटांचा तुकडा डबल युनी गाठीने जोडावा. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि नेमका चांगला मासा लागला की सुटते. आमिष म्हणून पाव औंसाचा, म्हणजे सात ग्रॅमचा, सोनेरी चमचा पुरेसा आहे. त्याच्या गळापुढे तारेचा आडोसा असलेला घ्यावा म्हणजे तो गवतात अडकत नाही. हा चमचा सावकाश ओढावा. योग्य वेगात तो दोन्ही बाजूंना डुलतो. वेग वाढला की गरगर फिरू लागतो आणि दोरीला पीळ भरतो. दुसरे आमिष म्हणून एक अष्टमांश औंसाच्या जिगवर, म्हणजे जड डोके असलेल्या गळावर, लावलेला मऊ रबराचा, चपट्या शेपटीचा मासा ठेवावा. दुकानातल्या भिंतीवर आणखी शंभर रंगांची आमिषे टांगलेली असतात, पण ती पहिल्या वर्षी घेऊ नयेत.

फ्लायची गोष्ट वेगळी आहे. तिचे तत्त्व आपल्याकडे परिचयाचे नसल्याने थोडे सविस्तर सांगतो. चमचा फेकताना चमच्याचे वजन दोरीला ओढून नेते. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेले केस, पिसे आणि चमकीचे धागे. तिला वजन असे फारसे नसते, त्यामुळे ती स्वतःहून दहा फूटही जात नाही. इथे दोरी जाड आणि वजनदार असते आणि दोरीच फ्लायला घेऊन जाते. रॉडवर लिहिलेला आकडा या दोरीचे वजन सांगतो. उथळ खाडीसाठी आठ क्रमांकाचा नऊ फुटी रॉड सर्वमान्य आहे. आठ क्रमांकाच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात, आणि तेवढे वजन वाऱ्यातून वाट काढायला लागतेच. दोरी तरंगणारी आणि उष्ण हवामानासाठी बनवलेली घ्यावी, कारण थंड पाण्यासाठीची दोरी टेक्सासच्या उन्हात शिजलेल्या शेवयीसारखी लिबलिबीत होते. तिच्या मागे रिळावर शंभर-दीडशे यार्ड वीस पौंडी पातळ दोरी राखीव असावी आणि पुढे नऊ फुटी, टोकाला सोळा पौंडापर्यंत निमुळता होत जाणारा लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय जोडणारा पारदर्शक तंगूस, असावा. फ्लायपैकी क्लाउझर मिनो हे नाव लक्षात ठेवावे. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी ती बांधली. गळाच्या दांड्यावर डोळ्यांच्या जागी शिशाचा छोटा डंबेल असल्याने ती उलटी होऊन गळाचे टोक वर ठेवून चालते आणि तळाला कमी अडकते. फार उथळ पाण्यात तिचे वजन टपकन आवाज करते. तिथे चमच्याच्या आकाराची हलकी स्पून फ्लाय किंवा खेकड्याची नक्कल वापरावी.

नव्या माणसाने थेट फ्लायने सुरुवात करावी का, असे मला विचारले जाते. माझे उत्तर नाही असे आहे. एक हंगाम चमचा वापरून मासा कुठे असतो आणि कसा वागतो ते शिकावे, आणि त्याच काळात घरामागच्या हिरवळीवर फ्लायची फेक रोज पंधरा मिनिटे घोटावी. दोन्ही गोष्टी एकदम पाण्यात शिकू पाहणाऱ्याला दोन्ही येत नाहीत. मी तसा एक अख्खा उन्हाळा घालवला आहे.

सगळ्या सामानात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चष्मा. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा नसेल तर महागड्या रॉडचाही उपयोग होत नाही. उथळ पाण्यात तांबूस-पिवळसर काचा चांगल्या. टोपीच्या काठाची आतली बाजू गडद असावी, म्हणजे पाण्यावरून उसळलेला उजेड डोळ्यांवर परत येत नाही.

पाण्यात चालणे आणि पाहणे

पाण्यात पाऊल उचलून टाकू नये. तळावरून घासत, सरकवत चालावे. वाळूत पाकट दबून बसलेले असते आणि त्याच्या पाठीवर पाय पडला तर ते शेपटीचा काटा घोट्यात मारते. सरकत्या पायाचा धक्का बाजूने लागला की ते मुकाट्याने निघून जाते. जाड तळव्याचे उंच बूट घालावेत. काटा लागलाच तर काठावर येऊन पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, पण भाजणार नाही अशा बेताने, अर्धा ते दीड तास ठेवावा, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर ओसरतो. त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच. काटा खोल रुतला असेल तर तो स्वतः उपटू नये. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. म्हणून पायावर उघडी जखम असताना पाण्यात उतरू नये, आणि मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तर खरचटलेल्या पायानेही उतरू नये.

सरकत चालण्याचा दुसरा फायदा मासेमारीचा आहे. पाय उचलून टाकल्याने होणारी खळबळ आणि पोटऱ्यांपुढे उठणारी लाट माशाला फार लांबून कळते. आपल्या पायापुढे लाट दिसू लागली तर आपण फार वेगाने चाललो आहोत असे समजावे. पहिल्या दिवशी मी काठापासून दोनशे पावले तरातरा आत गेलो, कारण मासे खोल पाण्यात असणार असे मी धरून चाललो होतो. मागे वळून पाहिले तेव्हा मी तुडवत आलेल्या घोटाभर पाण्यातून चिखलाचे चार-पाच ढग उठलेले दिसले. प्रत्येक ढग म्हणजे पळालेला एक मासा. तेव्हापासून काठावर दहा मिनिटे उभे राहिल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही.

सकाळी सूर्य खाली असतो, पाण्याच्या आत दिसत नाही, पण पृष्ठभाग शांत असतो, म्हणून तेव्हा पृष्ठभागावरच्या खुणा पाहाव्यात. शेपटी ही सर्वांत स्पष्ट खूण. ती पाण्यातून हळूच वर येते, उन्हात क्षणभर नारिंगी दिसते, वाऱ्यावरच्या पानासारखी डुलते आणि खाली जाते. कडेला फिकट निळसर किनार दिसली तर तो रेडफिशच. दुसरी खूण म्हणजे पाण्यावर पुढे सरकणारा बाणाच्या टोकासारखा उंचवटा. बोयही असा उंचवटा काढते, पण तिचा धावता आणि दिशा बदलणारा असतो. रेडफिशचा संथ आणि जाडसर असतो. वाऱ्याच्या लहरी एका बाजूला चाललेल्या असताना मध्येच हातभर पाणी वेगळेच थरथरत असेल तर तिथे फेकून पाहावे. खाली उतरून घिरट्या घालणारे दोन-तीन कुरव पक्षी आणि त्यांच्याखाली उडणारी कोळंबी दिसली तर तिथे माशांचा कळप गवत ढवळत असण्याची शक्यता मोठी असते.

दहा वाजल्यानंतर सूर्य वर आला की तो पाठीशी घ्यावा आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे न पाहता तळाकडे पाहावे. हे सांगायला सोपे आहे, पण सवय व्हायला काही दिवस लागतात. अख्खा मासा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. वाळूवर सरकणारी सावली दिसते, गवतावर एक तांबूस छटा दिसते, किंवा लाकडाच्या ओंडक्यासारखे काहीतरी दिसते आणि त्याची जागा बदलते. जागा बदलली की नाही हे ठरवण्यासाठी जवळच्या एखाद्या खळग्याची खूण धरावी. ढग आले की हे सगळे बंद होते. तेव्हा खळग्यांच्या कडेने चमचा ओढत राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

फेक

वारा हा इथला रोजचा सोबती आहे. मार्च ते मे या काळात तर दुपारी टोपी धरून उभे राहावे लागते. उजव्या हाताने फ्लाय फेकणाऱ्याच्या उजव्या बाजूने वारा आला की फ्लाय त्याच्याच कानाकडे येते. अशा वेळी दिशा बदलून उभे राहावे किंवा पाठ फिरवून मागच्या फेकीवरच फ्लाय सोडून द्यावी. गळाची आतली नखी पक्कडीने दाबून टाकावी. माशाला सोडणे सोपे जाते आणि स्वतःच्या कानालाही. मोठ्या अंतराची हाव धरू नये. चाळीस-पन्नास फुटांवर, हवेत दोरी दोनदाच फिरवून, घमेल्याएवढ्या जागेत फ्लाय ठेवता आली की बहुतेक संधी साधता येतात.

फ्लाय कुठे ठेवायची हे मासा काय करतो आहे त्यावर ठरते. चालता मासा असेल तर त्याच्या वाटेवर तीन-चार फूट पुढे फ्लाय टाकावी, बुडू द्यावी आणि तो जवळ आला की हाताने दोरीचा एक छोटा झटका द्यावा. तळ हुंगणारा, शेपटी वर असलेला मासा जेमतेम फूट-दीड फुटापलीकडचे पाहत नाही, म्हणून त्याच्या तोंडापुढे तेवढ्याच अंतरावर फ्लाय हलकेच उतरली पाहिजे. चमचा जड असल्याने तो कधीही माशाजवळ टाकू नये. दोन-तीन मीटर पुढे आणि पलीकडे टाकून मग ओढत त्याच्या वाटेवर आणावा. दोन्हींत एक चूक टाळायची: आमिष माशाच्या अंगावर चाल करून येता कामा नये. कोळंबी कधी रेडफिशच्या तोंडाकडे धावत जात नाही, आणि तसे घडलेले पाहिले की मासा बिथरतो. आमिष त्याच्यापासून दूर, पळाल्यासारखे गेले पाहिजे.

मासा वळला, त्याच्या मागचे पाणी फुगले आणि दोरी जड झाली, की नवखा माणूस हमखास रॉड वर उचलतो. मी असे किती मासे घालवले याचा हिशेब ठेवलेला नाही. फ्लायच्या बाबतीत रॉड वर उचलला की त्याची लवचीक शेंडी सगळा जोर गिळून टाकते, आणि गळ रेडफिशच्या जाड ओठात न रुतता फ्लाय पाण्याबाहेर येते. रॉडची शेंडी पाण्याकडे, दोरी सरळ रेषेत, आणि डाव्या हाताने दोरी मागे लांब ओढायची. चुकून मासा लागला नाही तरी फ्लाय पाण्यातच, त्याच्यापुढे राहते आणि तो बऱ्याचदा परत वळून ती घेतो.

मासा लागल्यावर

लागल्याबरोबर मासा धाव घेतो. पायाशी तरंगणारी सैल दोरी तेव्हा वेगाने वर येते आणि रॉडच्या मुठीला, शर्टाच्या बटणाला, कशालाही अडकते, म्हणून पहिले दोन क्षण माशाकडे न पाहता त्या दोरीकडे पाहावे. रिळाचा ब्रेक सगळ्यांत कच्च्या दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई एवढाच लावावा. रिळातून दोरी जात असताना हँडल फिरवू नये. मासा उजवीकडे जात असेल तर रॉड आडवा करून डावीकडे ताण द्यावा, म्हणजे तो लवकर दमतो. उन्हाळ्यात पाणी तापलेले असते आणि त्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे झुंज लांबवण्यात मजा मानू नये.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, शक्यतो पाण्याबाहेर काढू नये, आणि फोटोसाठी काढलाच तर जबड्याला लटकवून उभा न धरता एक हात पोटाखाली ठेवून आडवा धरावा. नंतर त्याला पाण्यात सरळ धरून ठेवावे. कल्ले जोराने चालू लागले की तो स्वतःच हातातून निसटतो. ठेवायच्या माशाची लांबी तोंड मिटून आणि शेपटीची दोन्ही टोके एकत्र दाबून मोजायची असते. मोजपट्टीवर अठ्ठावीसच्या रेषेवर मासा असेल तर मी तो सोडून देतो.

घरी गेल्यावर रॉड, रीळ, चष्मा, पक्कड सगळे गोड्या पाण्याने धुवावे; रिळावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. मासा साफ करताना रेडफिशची खवले काढायच्या भानगडीत पडू नये, कारण ती रुपयाच्या नाण्याएवढी आणि चिवट असतात. टेक्सासची माणसे दोन्ही बाजूंचे मांस कातडी आणि खवल्यांसकट कापून घेतात आणि खवल्यांची बाजू खाली ठेवून निखाऱ्यावर झाकून भाजतात, न उलटता. त्यावर लोण्याऐवजी आगळ, आले-लसूण, हळद आणि मालवणी मसाला लावून पंधरा मिनिटे मुरवले तर काहीही बिघडत नाही. मांस पांढरे होऊन पाकळ्या सुटू लागल्या की चमच्याने ते खवल्यांवरून अलगद उचलून घ्यावे. खालची करपलेली कातडी पत्रावळीसारखी तशीच उरते.